समोर समुद्र, मागे तहान : मार्सेल्स बंदराची सहल

वाचकहो, पालीहून बीडकडे निघाले की वाटेत खजाना विहीर लागते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल, पाहुण्यारावळ्यांना दाखवलीही असेल. निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात ती बांधली गेली. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी आत यावे आणि मोट न जुंपता भुयारातूनच ते खालच्या शेतांकडे जावे, अशी तिची करामत. आणि पालीजवळच बिंदुसरेचे धरण. म्हणजे पाण्यासाठी माणसाने केलेल्या दोन मोठ्या खटपटी, एक जुनी आणि एक अलीकडची, या एका गावाच्या आसपास उभ्या आहेत. धरण आपल्या शेजारी, पण टंचाईच्या वर्षी त्यातले पाणी आधी कुणाचे, शहरातल्या नळाचे की शिवारातल्या पाटाचे, हा प्रश्न पालीच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

आज ज्या शहराची ओळख करून द्यायची आहे ते फार लांबचे आहे. फ्रान्स देशाच्या दक्षिण टोकाला, भूमध्य समुद्राच्या काठी वसलेले मार्सेल्स. तिथले लोक त्याला मार्सेय म्हणतात. आपल्याकडे इंग्रजांच्या वाटेने आलेले मार्सेल्स हेच नाव रुळले, म्हणून तेच वापरतो. तुम्ही म्हणाल, आम्ही समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत राहणारी माणसे, बंदराचे आम्हाला काय? पण हल्ली गावोगावची मुले-मुली शिकायला, नोकरीला परदेशी जातात आणि एखाद्या वर्षी आई-वडिलांनाही बोलावून घेतात. तसा योग आला तर पॅरिसचा उंच मनोरा पाहून परत फिरू नका. पॅरिसहून मार्सेल्सला वेगवान रेल्वेने साडेतीन तासांच्या आत पोहोचता येते. आणि ज्याने आयुष्यभर आभाळाकडे पाहत शेती केली, त्याने पाहावे असे त्या बाजूला पुष्कळ आहे.

पहाटे लवकर उठून आधी जुन्या बंदरावर जावे. इंग्रजी यू अक्षरासारखी समुद्राची एक चिंचोळी फट शहरात घुसली आहे, तेच हे बंदर. तोंडाशी दोन बाजूंना दोन किल्ले. त्यातला एक चौदाव्या लुई राजाने सतराव्या शतकात बांधला, तो शत्रूइतकाच शहरातल्या बंडखोरांना धाक बसावा म्हणून! आतल्या टोकाला सकाळी मासळीचा बाजार भरतो. कोळ्यांच्या बायका आपल्या होडीची मासळी थाळ्यांत मांडून बसतात आणि हाका मारमारून विकतात. भाषा कळत नाही, पण घासाघीस कळते. सगळे अगदी आपल्या आठवडी बाजारासारखे. जी काटेरी मासळी विकली जात नसे ती कोळी मंडळी घरी एका भांड्यात शिजवून खात. आज तेच कालवण मोठ्या हॉटेलांत भारी किमतीला मिळते. माळकऱ्यांनी मात्र तिकडे वळू नये. त्यांच्यासाठी लेस्ताक भागात पानिस नावाचा पदार्थ मिळतो. हरभऱ्याचे पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचे, थापून गार करायचे, काप करून तेलात तळायचे. आपली पाटवडीच म्हणा ना, फक्त फोडणी आणि मिरची विसरलेली.

हे शहर सव्वीसशे वर्षांचे आहे. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून काही ग्रीक व्यापारी गलबतांतून इथे आले. त्यांची एक दंतकथा तिकडे प्रत्येक शाळकरी मुलाला माहीत असते. ते किनाऱ्याला लागले त्या दिवशी तिथल्या टोळीच्या राजाच्या मुलीचे स्वयंवर होते. वरमाला नव्हती, मेजवानीला आलेल्या पुरुषांपैकी जो पसंत पडेल त्याच्या हाती मुलीने पाण्याचा पेला द्यायचा अशी रीत. जमलेले स्थानिक तरुण राहिले बाजूला आणि राजकन्येने पेला दिला तो नुकत्याच उतरलेल्या परक्या पाहुण्याच्या हाती. त्या दोघांच्या लग्नातून हे शहर वसले म्हणतात. कथा खरी-खोटी कशी का असेना, ज्या शहराची सुरुवात पेलाभर पाण्याने झाली, त्याला पुढे दोन हजार वर्षे पाण्यासाठीच तळमळावे लागले. त्याची हकीकत थोडी पुढे सांगतो.

बंदराच्या डोक्यावर टेकडी आणि टेकडीवर मेरीमातेचे देऊळ, नोत्र दाम द ला गार्द. शिखरावर मातेची सोन्याचा मुलामा दिलेली मोठी मूर्ती आहे. समुद्रातून येणाऱ्या खलाशाला ती लांबूनच दिसते. गावचे लोक तिला नुसते 'चांगली आई' म्हणतात. आत गेलात तर छताला टांगलेल्या लहान लहान होड्या दिसतील. वादळातून सुटका झाली की खलाशाने आपल्या होडीची प्रतिकृती आईला वाहायची, असा नवस. भिंतींवर आजारातून उठलेल्यांच्या, लढाईतून परतलेल्यांच्या दगडी पाट्या आहेत. आपल्या देवस्थानांतले पाळणे नि घंटा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला इथे काही समजावून सांगावे लागत नाही. समोर समुद्रात इफ नावाच्या बेटावर जुना तुरुंग-किल्ला आहे. होडीने तिथे जाता येते, पण वेळ कमी असेल तर काठावरून पाहिला तरी चालेल.

मराठी माणसाने या बंदराचे नाव ऐकलेले असते ते एका उडीमुळे. १९१० च्या मार्चमध्ये विनायक दामोदर सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली. खटल्यासाठी त्यांना मुंबईला आणत असताना 'मोरिया' ही आगबोट ७ जुलैला मार्सेल्सला थांबली. दुसऱ्या दिवशी, ८ जुलै १९१० च्या सकाळी, शौचाच्या निमित्ताने आत जाऊन त्यांनी बोटीच्या गोल खिडकीतून अंग बाहेर काढले, समुद्रात उडी घेतली आणि पोहत धक्का गाठला. फ्रान्सच्या भूमीवर इंग्रजांचा कायदा चालणार नाही, हा त्यांचा हिशेब. पण तिथल्या शिपायाने त्यांना पकडून पाठलाग करणाऱ्यांच्या हवाली केले आणि ते पुन्हा बोटीवर आणले गेले. फ्रान्समध्ये त्यावरून गदारोळ उठला. कार्ल मार्क्सचे नातू जाँ लाँगे यांनी वर्तमानपत्रातून आवाज उठवला. प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला : पकडण्यात चूक झाली खरी, पण कैदी परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. तोपर्यंत इकडे मुंबईत दोन जन्मठेपांची शिक्षा होऊनही गेली होती.

आपल्याकडे या उडीच्या गोष्टीत मैलोगणती समुद्र आला, गोळ्यांचा वर्षाव आला. बोट धक्क्याजवळ होती आणि पोहण्याचे अंतर थोडे होते. माझ्या मते त्याने धाडस कमी होत नाही. हाताशी पैसा नाही, अंगावर धड कपडा नाही, भाषा परकी, मागे पाठलाग, अशा वेळी धक्क्यावर चढून पळत सुटणे हेच अवघड. एक लक्षात ठेवा, मोठ्या आगबोटी त्या काळीही जुन्या बंदरात येत नसत. त्यांच्यासाठी उत्तरेला नव्या गोद्या बांधल्या होत्या. तेव्हा जुन्या बंदराच्या पाण्याकडे पाहून कुणी 'हीच ती जागा' म्हणाले तर मान डोलवू नका. याच शहरात ११ सप्टेंबर १९३१ रोजी गांधीजी 'राजपुताना' बोटीतून उतरले होते, गोलमेज परिषदेला जाताना.

शहराच्या दक्षिणेला माझार्ग नावाचा भाग आहे. तिथल्या युद्धस्मशानभूमीत पहिल्या महायुद्धात मरण पावलेले हिंदी जवान चिरविश्रांती घेत आहेत. १९१४ च्या सप्टेंबरअखेर हिंदी पलटणी याच बंदरात उतरल्या आणि पुढे उत्तरेच्या थंडीत, चिखलाच्या खंदकांत लढायला गेल्या. खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या कंपन्याही त्यांत होत्या. ज्यांचे दहन झाले त्यांच्या नावांचे वेगळे स्मारक आहे. त्याचे अनावरण १९२५ च्या जुलैमध्ये झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांसह तिथे जाऊन आदरांजली वाहिली आणि त्याच दौऱ्यात मार्सेल्सला भारताची वकिलातही सुरू झाली. शेतकऱ्यांच्याच घरची ही पोरे होती. चार फुले घेऊन जा.

आता तहानेची गोष्ट. मार्सेल्सला वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. बीडचा सरासरी आकडा याहून थोडा जास्तच आहे! फरक एवढाच, की तिकडे पाऊस पावसाळ्यात नव्हे तर मुख्यतः शरदात आणि थंडीत पडतो आणि जून ते ऑगस्ट हे महिने कोरडे ठणठणीत. त्यात मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो दिवसचे दिवस थांबत नाही. जमिनीतली ओल शोषून घेतो. म्हणून तिथल्या जुन्या शेतघरांची पाठ उत्तरेकडे असते, त्या भिंतीला खिडकी जवळजवळ नसते आणि बांधावर उंच सुरूसारख्या झाडांची भिंतच उभी केलेली दिसते.

अशा मुलखात शहर वाढत गेले. समोर अथांग समुद्र, पण त्याचा घोट घेता येत नाही. पिण्याला विहिरी आणि युवोन नावाची एक बारीकशी नदी. उन्हाळ्यात तीही आटायची, उरलेले पाणी घाण व्हायचे. १८३४ साली दुष्काळ पडला आणि त्यापाठोपाठ १८३४-३५ मध्ये पटकीची साथ आली. माणसे पटापट मेली. तेव्हा कोन्सोला नावाच्या नगराध्यक्षाने हट्ट धरला, काय वाटेल तो खर्च होवो, पण दुरान्स नदीचे पाणी शहरात आणायचेच. दुरान्स ही आल्प्स पर्वताच्या बर्फावर जगणारी नदी, शहरापासून डोंगरांपलीकडे. काम सोपवले फ्रान्झ मायोर द मोंत्रिशे नावाच्या तरुण इंजिनिअरवर. तिशीही न गाठलेला माणूस!

त्या काळी पंप नव्हते असे नाही, पण एवढे पाणी उचलण्याची ताकद कुठे होती? पाणी आपल्या पायांनी चालत आले पाहिजे. म्हणून ८० किलोमीटरहून लांब कालवा अगदी थोड्या उतारावर आखायचा, डोंगर आला की पोटातून बोगदा खणायचा, दरी आली की दगडी पूल बांधून पाणी वरून न्यायचे. पाटाला लेव्हल धरताना आपल्या चारीत चार बोटे चूक झाली तर पाणी उलटे तुंबते, हे तुम्हाला ठाऊक आहे. इथे ती चार बोटे ८० किलोमीटर सांभाळायची होती, आणि तीही दुर्बिणीच्या आणि दोरीच्या जोरावर.

या कालव्यावरचा रोकफावूरचा जलसेतू अवश्य पाहा. एक्स गावाजवळच्या एका दरीवर तीन मजली कमानी आहेत. उंची सुमारे ८३ मीटर, लांबी जवळजवळ ४०० मीटर. रोमन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी याच मुलखात बांधलेला गार नदीवरचा पूल जगप्रसिद्ध आहे, त्याच्यापेक्षा हा पावणेदोन पट उंच. तरी प्रवासी तिकडे झुंबड करतात आणि इकडे शुकशुकाट. १८४७ मध्ये हा पुरा झाला आणि १८४९ मध्ये दुरान्सचे पाणी मार्सेल्समध्ये पोहोचले. लोक नाचले असतील यात शंका नाही, पण पहिली बरीच वर्षे पाणी आले ते गढूळ. दुरान्स गाळाची नदी. मग गाळ बसवायला वाटेत मोठे तलाव बांधावे लागले. कालवा झाला म्हणजे काम झाले असे कधीच होत नाही.

पाणी जिथे शहरात शिरले त्या लाँगशाँच्या चढावर शहराने १८६९ मध्ये एक महालच उभारला. राजासाठी नव्हे, पाण्यासाठी. वर्तुळाकार कमानींच्या मध्ये धबधबा कोसळतो आणि धबधब्याच्या डोक्यावर दगडी रथ आहे. रथात दुरान्स नदी स्त्रीरूपात उभी. तिच्या एका बाजूला द्राक्षवेल, दुसऱ्या बाजूला गहू, त्याही बायकांच्याच रूपात. आणि रथाला काय जुंपले आहे म्हणाल? घोडे नव्हेत, हत्ती नव्हेत. चार बैल! रोन नदीच्या मुखाशी कामार्गच्या दलदलीत वाढणारे तिथले गावरान बैल, शिंगे उगारलेले, नाकपुड्या फुगलेले. आमच्या मंडळींनी तिथे जरा जास्तच वेळ थांबावे. शिल्पकाराने बैलांची मान कशी घडवली आहे ते आपल्याइतके शहरी माणसाला कळणार नाही. हा सोहळा पाहायला मोंत्रिशे मात्र उरला नव्हता. इटलीत एका मोठ्या तळ्याचे पाणी काढण्याच्या कामावर असताना १८५८ मध्येच तो तापाने गेला.

शहर पाहून झाले की एक पूर्ण दिवस बाहेरच्या मुलखासाठी ठेवा. वायव्येला पन्नासेक किलोमीटरवर सालों गाव आणि त्याच्यापलीकडे आर्ल शहरापर्यंत क्रो नावाचे मैदान. हे मैदान म्हणजे नुसते गोटे. लाखो वर्षांपूर्वी दुरान्स नदी इथून वाहत होती, मग तिने वाट बदलली आणि मागे गोटे ठेवून गेली. पेरायला मूठभर माती नाही. अशा माळावर सालोंच्याच आदाम द क्रापोन नावाच्या माणसाने १५५४ साली परवानगी मिळवून दुरान्सचा कालवा काढायला घेतला आणि पाच-सहा वर्षांत पाणी आणले. म्हणजे आपली खजाना विहीर आणि हा कालवा एकाच शतकातले. त्याला पैसे पुरवणाऱ्यांत सालोंचाच रहिवासी, प्रसिद्ध भविष्यवेत्ता नॉस्त्रादामुस होता. क्रापोन स्वतः मात्र कर्जात बुडाला. कालवे काढणाऱ्यांचे आणि विहिरी खणणाऱ्यांचे नशीब सगळीकडे सारखेच असावे.

मार्सेल्सचे लोक ज्या गाळाने पुढे वैतागले, तोच गाळ क्रोच्या शेतकऱ्याला सोने ठरला. साडेचारशे वर्षे पाटाच्या पाण्याबरोबर येणारा दुरान्सचा गाळ गोट्यांवर थराथराने बसला आणि त्यावर गवताची कुरणे झाली. हे गवत साधेसुधे नाही. वर्षाला त्याच्या तीन कापण्या होतात, चौथी वाढ शेतात तशीच मेंढ्यांना चारतात. वाळवून बांधलेल्या गवताच्या गठ्ठ्याला लाल-पांढरी दोरी लावतात. ती दोरी म्हणजे सरकारमान्य ओळख, जशी आपल्याकडे बीडच्या सीताफळाला मिळालेली भौगोलिक ओळख. शर्यतीच्या घोड्यांचे मालक हे गवत लांबून मागवतात. चारा, नुसता चारा, पण त्याला नाव आहे आणि नावाला भाव आहे.

कुरणे भिजवतात मोकाट पाण्याने, उतारावरून सोडून. ठिबकवाले वाचक इथे नाक मुरडतील, मीही मुरडले. पण तिथले लोक वेगळा हिशेब सांगतात. गोट्यांच्या जमिनीत मुरलेले हे पाणी वाया जात नाही, ते खालच्या भूजलात जाते. त्या भागातल्या भूजलाचा मोठा वाटा पावसाचा नव्हे, या पाटपाण्याचा आहे आणि आसपासची कितीतरी गावे त्याच भूजलातून पिण्याचे पाणी उपसतात. उद्या सगळे पाट बंद करून नळ्या टाकल्या तर शेतात पाणी वाचेल आणि गावाच्या विहिरी खाली जातील. आपल्या काळ्या जमिनीला हे जसेच्या तसे लागू नाही, हे उघड आहे. पण वाचवलेले पाणी नेमके कुणाच्या विहिरीतून वाचते, हे पाहण्याची त्यांची सवय घेण्यासारखी.

याच माळावरचे धनगर पूर्वापार जून महिन्यात मेंढरे घेऊन आल्प्सच्या डोंगरकुरणांवर चढतात आणि ऑक्टोबरात परततात. पूर्वी हा प्रवास पायी, दिवसचे दिवस चाले. पुढे घंटा बांधलेले बोकड, मागे हजारो मेंढ्या, कुत्री, गाढवांवर संसार. आता बहुतेक मेंढरे ट्रकमधून जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातली ऊसतोड मंडळी कोयते घेऊन घराबाहेर पडतात, त्याच दिवसांत तिकडचे धनगर घरी येत असतात. त्यांची बायका-मुले गावात राहतात, शाळा सुटत नाही. एवढा एक फरक मनाला लागतो.

आता मूळ प्रश्न : एकच दुरान्स, तिच्यावर मार्सेल्ससारखे शहर, क्रोचे शेतकरी आणि शिवाय वीज. पाणी आधी कुणाचे? या नदीवर सेर-पोंसों नावाचे मातीचे प्रचंड धरण बांधले गेले, १९६० च्या सुमारास ते पुरे झाले. साठा सुमारे १२७ कोटी घनमीटर, म्हणजे ४५ टीएमसी. आपल्या जायकवाडीच्या निम्म्याहून थोडा कमी. त्यासाठी १९५५ मध्ये कायदा झाला आणि वीजनिर्मितीसाठीच्या या धरणात शेतीसाठी २० कोटी घनमीटर पाणी कोरड्या महिन्यांकरता राखून ठेवायचे ठरले. किती पाणी, कोणत्या महिन्यांत, हे लिहून ठेवलेले आहे. कालव्यांवरचे शेतकऱ्यांचे संघ शेकडो वर्षांचे जुने करार सांभाळून आहेत आणि पाणीपाळीवरून भांडण झाले की कागद काढतात.

म्हणून तिकडे सगळे गोड आहे असे समजू नका. धरणाच्या पोटात युबाय आणि साव्हीन ही दोन गावे गेली. साव्हीन नव्या जागी वसवले, पण जुन्या गावातली माणसे तळ्याकडे पाहून काय म्हणत असतील ते जायकवाडी-माजलगावच्या धरणग्रस्तांना विचारा. आणि २०२२ च्या उन्हाळ्यात असा दुष्काळ पडला की या तळ्याची पातळी दहा मीटरहून जास्त खाली गेली, काठावरच्या होड्या चिखलात बसल्या आणि शेतीच्या पाण्यात कपात करावी लागली. लिहून ठेवलेले पाणीसुद्धा आभाळातून पडावे लागते.

परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडे दिसतील. राखी-हिरवी पाने, बुटकी, बोरीसारखी. एकेका बुंध्यातून तीन-चार खोडे उगवलेली दिसली तर समजा, ते १९५६ चे झाड. त्या वर्षीचा जानेवारी ऊबदार गेला, झाडांत रस चढला आणि फेब्रुवारीत अचानक कडाक्याची थंडी पडली. रातोरात झाडे फुटली, सालीला भेगा पडल्या. पिढ्यान्‌पिढ्यांच्या बागा वाळल्या. कित्येकांनी बुंधे उपटून द्राक्षे लावली किंवा शेती सोडून शहर गाठले. ज्यांनी झाड जमिनीबरोबर कापून नुसते वाट पाहत ठेवले, त्यांच्या मुळांतून पुन्हा फुटवे आले. गारपिटीत बागा झोपलेल्या पाहिल्या आहेत अशा वाचकांना याचा अर्थ सांगायला नको.

ऑलिव्हच्या तेलापासून मार्सेल्सचा साबण होतो. १६८८ साली राजाने फर्मान काढले होते, की या साबणात ऑलिव्हशिवाय दुसरे तेल घालायचे नाही. पुढे कारखाने वाढले, तेल पुरेना, फर्मान मागे पडले आणि बोटी भरभरून बाहेरची तेलबियाणी येऊ लागली. त्यात आपला देशही होता! मद्रास-पाँडिचेरीच्या किनाऱ्यावरून भुईमुगाचे दाणे मार्सेल्सच्या घाण्यांना जात, त्यांचे तेल निघे आणि साबण फ्रान्सभर खपे. उलट दिशेने मार्सेल्सची खाचेची कौले जगभर गेली. आपल्या जुन्या शाळांवर दिसणारी मंगलोरी कौले त्याच जातीची. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हापासून ती इकडेच होऊ लागली. दाणा इथून गेला, कौलाची तऱ्हा तिकडून आली. बंदर म्हणजे दुसरे काय?

साबण मात्र जरूर आणा, वजनाला जड पण भेट द्यायला चांगला. दुकानांत रंगीबेरंगी, सुवासिक वड्यांचे ढीग असतात. त्यांतले बरेचसे प्रवाशांना भुलवायचे. जुन्या पद्धतीचा साबण चौकोनी ठोकळा असतो, रंग हिरवट किंवा पांढरट, वास जवळजवळ नाही. त्याच्या अंगावर तेलाचे प्रमाण '७२ टक्के' असे ठशाने उमटवलेले असते. तो ठसा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.